खांदा

झुगदिदीच्या बंद पडलेल्या चहाच्या कारखान्यात
दुसऱ्या मजल्यावर एक संगणक होता,
आणि वीज यायची संध्याकाळी सात ते नऊ.
त्यात सोळा हजार नावं होती,
नदी ओलांडून आलेल्यांची,
तिबिलिसीहून फ्लॉपीवर पाठवलेली.
फॉन्ट पाठवायचा राहिला होता.

पडद्यावर नुसते चौकटींचे कोपरे,
दुहेरी रेघा, मोडकी कुंपणं,
जणू कुणी घरांचे नकाशे फाडून
ओळीने मांडून ठेवलेत.

त्सिआला म्हणायची, नावं शाबूत आहेत.
यंत्राला आकडे ठाऊक,
एकशे ब्याण्णव म्हणजे आनी, एकशे त्र्याण्णव म्हणजे बानी.
चेहरा कुठला लावायचा ते पडद्याचं कार्ड ठरवतं,
आणि त्या बिचाऱ्याला कोपरेच शिकवलेत.

तिने ओतियाला बोलावलं.
चाळीस वर्षं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात जुळारी,
छापखाना बुडाला तेव्हा
पगाराऐवजी खिळ्यांची पेटी घरी नेलेला.
तिने आखलेला कागद पुढे सरकवला,
आडवी आठ घरं, उभी सोळा.
यात एक अक्षर बसव.
तो म्हणाला, खुराड्यात बैल बांधायला सांगतेस,
आणि पेन्सिलीला टोक काढलं.

तेहेतीस अक्षरं, अकरा संध्याकाळी.
तो घरं काळी करायचा,
ती सोळाच्या हिशेबात आकडे मांडायची,
मेणबत्ती असेतो वहीत,
वीज आली की यंत्रात.

शेवटी तिने सेटफॉन्ट लिहून एंटर दाबलं.
पडदा पुसला गेला नाही, एक ओळ हलली नाही,
होते तिथेच कोपरे वितळले
आणि अक्षरं झाली.
सगळी उलटी.

चाळीस वर्षांचा हात. शिसं उलटंच वाचायचं असतं.
त्या रात्री एकटा ओतिया
भराभर वाचत होता.

तिने ती सुलटी केली. तर शेपट्या फुटल्या,
प्रत्येक अक्षर उजवीकडच्याला जाऊन चिकटलं.
त्या जागा मुळात रेघांच्या.
रेघ अखंड दिसावी म्हणून कार्ड
आठवा स्तंभ नवव्यात पुन्हा उमटवतं,
कुणाला न विचारता.
माझ्या लिपीला ते चाललं असतं,
आमची अक्षरं डोक्यावरच्या रेघेला धरूनच चालतात.
ही तशी नाहीत. यांना सुटं उभं राहायचं असतं.

फक्त शेवटचं, हाए,
रेघांच्या वस्तीबाहेर एका घराने पडलेलं,
स्वच्छ उभं होतं.
ओतियाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.
मग खिशातून एक खिळा काढून
तिच्या तळहातावर ठेवला.
अक्षर एवढंसं, भोवती कोरं शिसं.
याला खांदा म्हणतात, तो म्हणाला.
हा छापत नाही.
शेजाऱ्याला लागू नये म्हणून असतो.

मग बत्तीस अक्षरं आठाची सातात आली.
लासीचं पोट आत गेलं,
ओनीला कमरेत दुमडावं लागलं,
त्याबद्दल ओतिया दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

रांगेतली पहिली बाई गुगुली.
तिने चष्मा लावला, नाक पडद्याला टेकेल इतकी वाकली.
माझ्या आडनावात एक बानी जास्त आहे, म्हणाली.
दोन वर्षं हे असंच आहे का?
त्सिआला म्हणाली, दोन वर्षं चूक दिसत नव्हती.
तिने जास्तीची बानी खोडली, जतन केलं.

गुगुली उठेना.
भावाचं पण बघ.
त्याचंही चुकलं असेल,
म्हणून सापडत नसेल.

नऊला सहा मिनिटं होती.
वीज गेली की कार्ड सगळं विसरणार,
उद्या सातला पुन्हा कोपरे, पुन्हा एंटर.
ओतियाने खुर्ची जवळ ओढली.
त्सिआलाने आडनाव टाईप केलं,
मग त्यातलं एक अक्षर गाळून,
मग ते ठेवून दुसरं.